विश्वासरावांचं नेटवर्क

विश्वासराव दाबके यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती : लोकांनी आपलं ऐकावं. कचेरीत हाताखालची माणसं ऐकत, कारण त्यांची नोकरी होती. निवृत्तीनंतर दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी घर सुटलं, नोएडाला फ्लॅट घेतला आणि ऐकणारं कुणी उरलं नाही.

म्हणून त्यांनी दिल्लीतल्या मराठी माणसांसाठी एक सोशल नेटवर्क काढलं. कुठल्या बड्या कंपनीचं नव्हे. सर्व्हर आपला, नियम आपले, आणि वापरायला कुणीही बनवलेलं अॅप चालेल. या मोकळेपणाचा त्यांना भारी अभिमान. कुणी थालीपिठाचा फोटो टाकला की खाली विश्वासराव हजर : करपलंय. राजेंद्रनगरात यूपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलीने पूर्वपरीक्षा हुकल्याचं लिहिलं, तर तिला गावी परतायचा सल्ला. वडील गेल्याचं कळवणाऱ्यालाही त्यांनी पथ्यपाण्यावरून चार शब्द सुनावले. विश्वासरावांसारख्यांबद्दल 'तसा माणूस मनाने चांगला' म्हणायची पद्धत आहे. ती इथे पाळवत नाही.

वर्षभरात तिथे शुकशुकाट झाला. मग गुरुग्रामच्या ऋग्वेद नावाच्या इंजिनिअरने हौसेखातर त्या नेटवर्कसाठी एक अॅप बनवलं आणि दिवसाला पाच पोस्टींच्या जागी दोनशे पडू लागल्या. विश्वासराव मात्र जुन्या वेबसाइटवरूनच सगळ्यांचे कान टोचत राहिले. आता उलट उत्तर कुणी देत नव्हतं. लोक सुधारले, असं ते बायकोला, प्रभाताईंना, रोज ऐकवत.

पंच्याहत्तराव्या वाढदिवशी सकाळीच त्यांनी आपल्या आयुष्याचा सारांश लिहून टाकला. दुपारपर्यंत एकही शुभेच्छा नाही. चिराग नावाच्या कुणाच्या कुत्र्याच्या फोटोखाली मात्र साठ जण गोळा झालेले. पोस्ट गेली की नाही बघायला त्यांनी प्रभाताईंच्या फोनवर ते अॅप उघडलं. पोस्ट नव्हती. अॅप आल्यापासूनच्या दोन वर्षांतलं त्यांचं एक अक्षरही तिथे नव्हतं. सेटिंगमध्ये एक ओळ होती, 'काकांना लपवा', आणि तिच्यापुढे खूण केलेली होती.

त्यांनी ऋग्वेदला फोन लावला. तो आढेवेढे न घेता बोलला. लोक त्यांनाच कंटाळून सोडून चालले होते. अॅपमध्ये त्यांना आधीपासूनच लपवून ठेवलं आणि गर्दी परतली. ज्याला ते दिसायला हवेत त्याने खूण काढावी, मनाई नव्हती.

"कुणी काढली?" विश्वासरावांनी विचारलं.

"एकाच व्यक्तीने, काका. काकूंनी. कशी काढायची, ते विचारायला मला फोन केला होता."

विश्वासरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांना चक्क गहिवरून आलं.

"अच्छा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला," ऋग्वेद म्हणाला. "परत कशी लावायची म्हणून."

प्रभाताई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. खूण परत का लावलीस, एवढंच विश्वासरावांनी विचारलं.

"एक दिवस वाचून पाहिलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "घरात ऐकते तेवढं पुरे आहे मला."