सगळ्यांचं नाव हिस्के

हिस्के त्येप्केमाचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. वेधशाळेवर नाही, नवऱ्याच्या "आलोच पाच मिनिटांत"वर नाही, आणि दाउववर तर मुळीच नाही.

दाउव पन्नाशी उलटलेला. आधीची कंपनी बुडाली, म्हणून हार्लिंगेन गावातल्या या कचेरीत प्रोबेशनवर आला. समुद्रसपाटीखालच्या शेतांतलं पाणी उपसणाऱ्या पंपांचे नकाशे काढायचं काम. माणूस मुखदुर्बळ. भल्या सकाळी यायचा, दुपारी काम सेव्ह करून घरी जायचा, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर त्याचं काम गायब.

"सेव्ह केलं होतंस ना रे?" साहेब, म्हणजे आउके, विचारायचा.

"केलं होतं."

"मग पंपाने उपसलं वाटतं!" हिस्के कॉफी ढवळत म्हणायची. सगळे हसायचे. दाउवही हसायचा, प्रोबेशनवरच्या माणसाने आणखी करावं काय?

आउकेने तिला एकीकडे गाठून विचारलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं, "वेंधळा आहे. ठेवू नकोस." शुक्रवारी त्याचं प्रोबेशन संपत होतं. आउकेने मान डोलावली.

नकाशांचा प्रोग्रॅम हिस्केचा, केस काळे होते तेव्हा लिहिलेला. एकाने नकाशा उघडला की तो आतून कडी लावी. दुसरा आला की सांगे, हा नकाशा अमक्याकडे आहे, थांबा. आता अमका कोण, हे कळायला यंत्रावर कुणाच्या नावाने लॉगिन झालंय ते विचारायला हवं. आणि कचेरीत यंत्रं तीन जातींची. लिनक्स आणि मॅक ते नाव 'यूजर' नावाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवतात, विंडोज 'यूजरनेम'च्या. हिस्केचा प्रोग्रॅम फक्त पहिली चिठ्ठी वाचायचा. घरच्या विंडोजवर तो अडला, तेव्हा प्रोग्रॅम सुधारण्याऐवजी बाईंनी आपल्या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घातली: यूजर म्हणजे हिस्के. चाललं की! झटपट काम केल्याचा आनंद काही औरच असतो.

ती फाइल बाकी फार सुबक होती. वसंतात सगळ्यांना नवी यंत्रं मिळाली, तेव्हा प्रत्येकाने तीच उचलून आपल्या यंत्रावर टाकली. "हिस्केची आहे, तपासायचं काय त्यात?" त्याच सुमाराला दाउव आला. त्यानेही टाकली.

बुधवारी सकाळी हिस्केच्या टेबलापाशी गर्दी जमली. पहिली आली योपी, खणखणीत आवाजाची.

"अगं, तुझा प्रोग्रॅम म्हणतोय उद्या माझा वाढदिवस आहे, केक विसरू नका. माझा मार्चमध्ये होऊन गेला! दोनदा केक आणायला मी काय लखपती आहे?"

"मलाही तेच सांगतोय," मागून कुणी म्हणालं. "मलाही."

वाढदिवस ज्याचा त्याने केक आणायचा, आणि विसरणाऱ्याला त्या कचेरीत क्षमा नव्हती; म्हणून ही आठवण आउकेनेच हौसेने प्रोग्रॅममध्ये घालून घेतली होती. उद्या वाढदिवस होता हिस्केचा. एकटीचा.

"चला, जागेवर जा सगळे," ती म्हणाली. आणि आपली ती सेटिंगची फाइल उघडून यूजरची ओळ वाचली. प्रोग्रॅमच्या लेखी कचेरीत एकच माणूस होतं. कडी हिस्केने लावलेली आणि दारात उभी हिस्केच, मग अडवायचं कुणाला? दोघं-दोघं एकाच नकाशात शिरत होते. जो मागाहून सेव्ह करी त्याचं राही, आधीच्याचं पुसलं जाई. आणि सर्वांत आधी सेव्ह करून जाणारा एकच होता.

दुपारपर्यंत तिने दुरुस्ती केली. चिठ्ठ्यांवर कुणीही काहीही लिहावं. आता प्रोग्रॅम थेट यंत्रालाच विचारू लागला, बाबा रे, लॉगिन कुणाचं? लिनक्स आणि मॅकला एका रीतीने, विंडोजला दुसऱ्या. हे शहाणपण ती नव्या लोकांना व्याख्यानात सांगत असे.

गुपचूप राहता आलं असतं. नकाशे पुसले जाणं थांबलं होतं, शुक्रवारी दाउव गेला असता, आणि दोन्हींचा संबंध लोकांनी आपसूक जोडला असता. फारच सोयीचं होतं. ती उठून आउकेच्या खोलीत गेली.

"दाउव वेंधळा नाही. चूक प्रोग्रॅमची आहे."

"कुणाच्या प्रोग्रॅमची?"

"आता छळू नकोस, आउके."

"नाही, तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"माझ्या! झालं समाधान?"

"मग प्रोबेशनवर कुणाला ठेवू?"

शुक्रवारी दाउवची नोकरी पक्की झाली. संध्याकाळी तो हिस्केच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"तू आउकेला सांगितलंस."

"सांगितलं."

"झोप आउकेची उडाली नव्हती, माझी उडाली होती."

हिस्केने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "चुकलं माझं. मी तुला वेंधळा म्हटलं, तेही चुकलं." आणि मग राहवेना म्हणून, "पण मक्कुमच्या पंपाची पातळी तू खरंच चुकीची लावली होतीस."

"माहीत आहे. ती मी दुरुस्त केली होती," दाउव कोट चढवत म्हणाला. "तुझ्या प्रोग्रॅमने खाल्लं ते दुरुस्त केलेलंच."