मी नव्या ॲपवर गेलो नाही

मला दिसत नाही. मरोळच्या ऑफिसात आमचं बोलणं जुन्या, नुसत्या अक्षरांच्या चॅटवर चालायचं. त्यात माउस लागत नाही. आलेली प्रत्येक ओळ माझा कॉम्प्युटर मला वाचून दाखवतो. मग साहेबांनी चित्रांचं नवं ॲप आणलं. त्यात माझा कॉम्प्युटर नुसता "बटण, बटण" म्हणत राहिला.

"सगळे आले रे, तूच अडून बसलायस," साहेब म्हणाले.

"ते ॲप माझ्याशी बोलत नाही, सर. मी जुन्या चॅटवरून हलणार नाही. काम असेल तर तिथेच लिहा."

ते चिडले. पण सर्व्हरची दुरुस्ती माझ्याकडे होती. सर्व्हर बंद पडला की मला गाठायला जुन्या चॅटवरच यावं लागायचं, म्हणून आठवडाभरात टीममधले सगळे एकेक करून तिथे परतले. साहेब सगळ्यांत शेवटी आले. मी त्यांना चॅटमध्ये परत जोडून घेतलं.