काटेमास्तरांचा आकडा

वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढून काटेमास्तर निवृत्त झाले तेव्हा सगळ्या बाजाराने सुटकेचा निःश्वास टाकला. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, वजनाच्या बुडातून खरवडून काढलेलं शिसं, बोलता बोलता पारड्यावर टेकलेला अंगठा, काही म्हणता काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "मापात पाप करणारा माणूस कशातही पाप करील," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तपासणीची वीस-वीस किलोंची वजनं ते स्वतः उचलत, कारण शिपायावर भरवसा नव्हता. त्या गैरभरवशाने कंबर खाल्ली. निवृत्तीनंतर दुखणं कायमचं मुक्कामाला आलं आणि पाठोपाठ उदासी. उठावंसं वाटेना, जेवावंसं वाटेना. बायकोने वर्षभर शेकलं, चोळलं. मग तीही माणूसच, कंटाळली. "दुखतंय ना? पडा मग," एवढं म्हणून आत जायची. कोणीतरी 'किती दुखतंय?' असं विचारावं आणि उत्तर ऐकायला थांबावं, मास्तरांना औषधापेक्षा हे हवं होतं. अर्थात, जीव गेला तरी ते हे कबूल करणार नव्हते.

इस्पितळात एका नव्या गोळीची चाचणी निघाली. कंबरदुखी आणि तिच्यासोबतची उदासी, दोन्हींवर एकच गोळी. बाकावर बसलेल्या मंडळींना मास्तरांनी एकेक करून मनात तोललं आणि नापास केलं. एक जण "आपले उंदीर करणार हो हे लोक" म्हणत होता आणि रक्त फुकट तपासतात म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. दुसऱ्याची अट एकच, सुई नको. तिसरा कुजबुजला, "कंबरेचं लिहा, उदासीचं लिहू नका. लोक वेडा म्हणतील." चौथे गृहस्थ पुढच्या पिढीच्या भल्यासाठी आले होते, बाकावर वीतभर सरकायला मात्र तयार नव्हते. शेवटी एक शिंपीणबाई. त्या म्हणाल्या, "मला तर कोणी बोलावलं याचंच बरं वाटलं." काय ही अक्कल!

डॉक्टरांनी सांगितलं, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पोकळ, औषध नसलेली. कोणाला कुठली, ते त्यांनाही ठाऊक नाही.

"म्हणजे पारड्यात काय आहे ते दुकानदारालाच माहीत नाही?" मास्तर कडाडले. "मी असलं दुकान जागच्या जागी बंद केलं असतं."

तरी सही केली. "कसं मोजतात ते बघायला," असं बायकोला सांगितलं. बारा पानांचा फॉर्म त्यांनी ओळ न ओळ वाचला. सहाव्या पानावर नियम होता. दहाव्या आठवड्यात दुखणं दहापैकी चारच्या खाली आलं, तर दर गुरुवारची इस्पितळातली फेरी बंद. पुढे सहा महिन्यांनी एक फोन.

दर गुरुवारी सिस्टर विचारायच्या, "शून्य ते दहा, आज किती?" मग झोप कशी, मन कसं. आणि पेन उचलून थांबायच्या. मास्तर पहिल्या दिवशी फिस्कारले, "ना काटा, ना वजन, हे कसलं माप?" दुसऱ्या गुरुवारी अर्धा तास बोलले. तिसऱ्या गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

एकदा बाकावर शिंपीणबाई सहज म्हणाल्या, "माझं दुखणं आठच आहे हो. पण सिस्टर इतक्या मायेने विचारतात, आठ म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं. मग मी पाच सांगते."

"बाई, लाज वाटते का?" मास्तरांनी सगळ्यांदेखत त्यांना फैलावर घेतलं. "तुमच्या पाचावर उद्या ही गोळी बाजारात येईल. तुमच्यात आणि भेसळवाल्यात फरक काय? मापात पाप करणारा माणूस कशातही पाप करील!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना किंचितही वाईट वाटलं नाही.

दहाव्या गुरुवारी मास्तर जिना चढून आले आणि वर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की कठड्याला हात लावलेलाच नाही. सकाळी धान्याचं पोतंही त्यांनीच उचलून ठेवलं होतं. दुखणं दोन. फार ताणलं तर अडीच.

"मास्तर, आज किती?" सिस्टरांनी पेन उचललं.

मास्तरांना पुढचा गुरुवार दिसला. घर, कॉट, आणि "पडा मग".

"सात," ते म्हणाले.

सिस्टरांनी सात लिहिलं. "मला वाटलं होतं उतरेल. असो. बाकीचे काय वाट्टेल ते सांगतात, तुमचा आकडा मात्र मी डोळे मिटून लिहिते. या पुढच्या गुरुवारी."

कंबरेवर हात ठेवून मास्तर बाहेर आले. जन्मभर ज्यांना चोर म्हटलं त्या दुकानदारांचे चेहरे त्यांना आठवत होते. अंगठा पकडला गेला की तेही असेच खाली बघत.

बाकावर शिंपीणबाई त्यांचीच वाट बघत बसल्या होत्या.

"मास्तर, आज मी खरं तेच सांगितलं. आठ," त्या म्हणाल्या. "सिस्टरांचं तोंड उतरलं, पण तुमचं बोलणं मनाला लागलं होतं. तुम्ही तेवढं बोललात म्हणून, नाहीतर मी आजही पाचच सांगितलं असतं."