ग्रहाची हवा आणि गफूरभाईचा चहा

सांगतो, पण हसायचं नाही. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते!

मी तेव्हा धारूरला विज्ञान शिकवायचो. गावात नुकतं केबल आलं होतं, चौकात एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते. एक दिवस पेपरात बातमी आली, दूरच्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या एका ग्रहाच्या हवेत सोडियम सापडलं! हवा कळली की तो ग्रह कुठं जन्मला, कशाचा बनला, तेही पुढंमागं कळेल म्हणे. निम्मी बातमी वाचून मी पेपर घेऊन थेट शाळेसमोरच्या गफूरभाईच्या हॉटेलात.

गणिताचे तांदळे सर म्हणाले, "तिथं कुनी गेलं न्हाई, मग कळतंय कसं?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, भट्टीजवळ न जाता या चहावरून सगळं सांगतो, बघा!" रुमालानं मिशा पुसल्या, घोट घेतला. श्शी, रॉकेल!

"गफूरभाई! भट्टी रॉकेल ओतून पेटवली, आन् पातेल्यावर झाकण नव्हतं. बरोबर?"

"तोबा! कोळसा हाय सर. रॉकेलचा थेंब न्हाई हितं."

वर खोटं बोलतो? दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञान प्रदर्शन, चहाचं काम त्याच्याकडं. मी ओरडलो, "उद्याचा चहा रद्द!"

गफूरभाई लालबुंद झाला. अख्खं पातेलं मोरीत ओतलं, घासलं, नवा चहा टाकला. मी मिशा पुसून घोट घेतला. रॉकेल! दूध बदललं. पुन्हा रॉकेल!

"नुसतं पानी पिऊन बघा," तो दात खाऊन म्हणाला.

मिशा पुसल्या, प्यालो. पाण्यातही रॉकेल!

"आता रांजनात बी भट्टी पेटवली का मी?"

तांदळे सरांनी माझा पेपर उचलला आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, "जमिनीवरची दुर्बीण आणि ग्रह यांच्यामध्ये आपल्याच पृथ्वीची हवा येते. ती आधी वजा करावी लागते." मग वाकून माझा रुमाल हुंगला.

सकाळी मी सायकलची चेन रॉकेलनं साफ केली होती. हात पुसले होते त्याच रुमालाला!

मला सांगा, इतकी महत्त्वाची ओळ बातमीच्या शेवटी छापतात का? त्या पेपरवाल्यांवर माझा अजून राग आहे.

प्रदर्शनात गफूरभाईनं सगळ्यांना चहा दिला, मला सोडून. हातापाया पडलो तेव्हा चौथ्या दिवशी माझा गिलास आला. पण गिलास ठेवण्याआधी त्यानं भर हॉटेलात हात पुढं केला.

"सर, आधी वजा करा."

मी मुकाट्यानं रुमाल काढून दिला. अजूनही देतो.