सुकटीचं रीडिंग

“सुमनकाकू, पुढच्या बाजारात सुकट घेऊन बसू नका. तपासणी होऊन जाऊ द्या, मंग पाहू,” सरपंच म्हणाले. मी तेव्हा त्याच सुकटीच्या टोपलीसमोर पिशवी उघडून उभी होते.

“काहून? म्या काय जहर विकून राह्यली का?” सुमनकाकू म्हणाल्या. “माह्या घरी हेच शिजते.”

सरपंचांनी मोबाईलवरचा एक व्हिडिओ पुढे केला. त्यात गावातल्या शाळेचे विज्ञानाचे शिक्षक राठोड सर मागच्या बाजारात याच टोपलीवर एक छोटं यंत्र धरून उभे होते आणि यंत्र टिकटिक करत होतं. सर सांगत होते, ‘मित्रांनो, ही सुकट अणुवीज केंद्राजवळच्या समुद्रातली आहे. रीडिंग पाहा, दुप्पट!’ व्हिडिओ दारव्ह्यापासून आर्णीपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला होता. बाजार भरून दुपार झाली तरी काकूंची टोपली काठोकाठ भरलेली होती. काकू भोई समाजातल्या. त्यांची आईसुद्धा याच ओट्यावर सुकट, बोंबील विकायची. मी लहानपणी तिच्याकडून न्यायचे.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी यवतमाळमधल्या, दारव्ह्याजवळच्या या खेड्यातली, पण नोकरी समुद्रकाठी. एका अणुवीज केंद्राशेजारच्या लॅबमध्ये. सुट्टी काढून भावाकडे आले होते. लॅबमधलं माझं काम थोडक्यात असं: जेट्टीवरून चांगले ताजे मासे विकत आणायचे आणि ते जाळून त्यांची राख करायची. तिकडच्या कोळणी मला अजून हसतात. पापलेट जाळणारी बाई म्हणूनच त्या मला ओळखतात. राख डबीत भरून शिशाच्या जाड भिंतींच्या पेटीत, डिटेक्टरवर ठेवतो. तो तासन् तास मोजत बसतो. केंद्रातून समुद्रात जाणाऱ्या पाण्यात किरणोत्सर्गी पदार्थांचा अगदी थोडा अंश असतो, हे काही गुपित नाही. तो माशांत किती उतरतो यावर लक्ष ठेवायलाच आम्हाला पगार मिळतो.

“काकू, ही सुकट येते कुठून?” मी विचारलं.

काकूंनी बंदराचं नाव सांगितलं. ती माझीच जेट्टी होती. यंत्र खरं बोलत असेल तर इतकी वर्षं आमची लॅब झोपा काढत होती असा त्याचा अर्थ होता.

तेवढ्यात कोणीतरी राठोड सरांना बोलावून आणलं. तिशीतला हडकुळा माणूस. मला वाटलं होतं व्हिडिओच्या नादी लागलेला कोणी असेल. त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं.

“मॅडम, मी खोटं नाही दाखवलं. तुम्हीच पाहून घ्या.”

यंत्र स्वस्तातलं पण ठीक होतं. त्याला गायगर काउंटर म्हणतात. किरण आत शिरला की ते टिक करतं, एवढंच त्याचं काम. किरण कुठून आला ते त्याला कळत नाही. बाजाराच्या रस्त्यावर ते आरामात टिकटिकत होतं. जमिनीतून, आभाळातून थोडे किरण सगळीकडेच येत असतात, त्याला आम्ही बॅकग्राउंड म्हणतो. मी यंत्र टोपलीवर धरलं. टिकटिक वाढली. आकडा चढत चढत दुप्पट झाला. मागे उभ्या असलेल्या दोन बायका घाईघाईने सरकल्या.

मी बाजूला जाऊन बॉसना फोन लावला.

“सर, इथल्या एका मास्तरांचा पॉकेट काउंटर सुकटीवर डबल दाखवतोय.”

“अशक्य. माशात एवढं सीझियम असतं तर आपला डिटेक्टर कधीच ओरडला असता.” सीझियम म्हणजे अणुभट्टीत तयार होणारा पदार्थ. आम्ही माशांत मुख्यतः तोच शोधतो. “त्या मास्तरांनी बॅकग्राउंड कुठे घेतलं?”

मी राठोड सरांना विचारलं. “शाळेत. वर्गात,” ते म्हणाले.

“वर्गात घेतलंय, सर.”

“मग काय उपयोग? बॅकग्राउंड मोजतो त्याच जागेचं हवं. आणि हे यवतमाळ आपल्या सॅम्पलिंग एरियात कधीपासून आलं?”

“मासे आपल्याच जेट्टीचे आहेत.”

बॉस म्हणाले, “मग सॅम्पल आपलंच. सीलबंद करून घेऊन या.” फोन ठेवला. आमचे बॉस कौतुक करायला कंजूष, पण काम नाकारत नाहीत.

मी परत आले. “काकू, टोपली जरा उचला बरं.”

काकूंनी ती उचलून दूर दगडावर ठेवली. मी यंत्र पुन्हा त्याच रिकाम्या जागेवर धरलं. टिकटिक कमी होण्याऐवजी वाढली. राठोड सर वाकून बघायला लागले. टोपलीखाली निळी ताडपत्री होती. मी ती ओढली. खाली खताची दोन भरलेली पोती एकावर एक रचलेली होती. पोटॅशची.

आमच्याकडे यात कोणाला काही नवल वाटणार नाही. काकू बसतात तो ओटा कृषी केंद्राचा आहे. माल जमिनीवर ठेवला की कुत्री तोंड घालतात, म्हणून बाजाराच्या दिवशी दुकानदार त्यांना दोन पोती देतो. खताचं भरलेलं पोतं म्हणजे आमच्याकडची खुर्ची, टेबल आणि पाहुण्यांचा सोफासुद्धा. त्यामुळे ते कोणाच्या नजरेलाच येत नाही. राठोड सरांच्याही आलं नव्हतं, आणि त्यांच्या घरीही शेती आहे.

पोटॅश म्हणजे पोटॅशियम. निसर्गातल्या सगळ्या पोटॅशियममध्ये एक छोटा हिस्सा किरणोत्सर्गी असतोच. पृथ्वी तयार झाली तेव्हापासूनचा. केळ्यात असतो, तुरीच्या डाळीत असतो, तुमच्या-माझ्या अंगातही असतो. एवढं पोटॅश एका जागी साठलं की काउंटरला तो दिसतो. मी यंत्र दगडावरच्या टोपलीपाशी नेलं. रस्त्यावर होता तोच आकडा आला.

“म्हणजे पोत्याचं रीडिंग मी सुकटीच्या नावावर टाकलं,” राठोड सर हळूच म्हणाले.

एवढ्यात कृषी केंद्राचे मालक धावत बाहेर आले. “ताई, आता माह्या धंद्यावर कायले उठल्या? कोणी पोटॅश घेईन का मग?” त्यांचंही बरोबर होतं. भीतीला बसायला जागाच हवी असते, सुकटीवरून उठली की ती पोत्यावर जाऊन बसते. मी गर्दीला सांगितलं की शेतकरी पिढ्यान् पिढ्या हेच खत हाताने टाकतात, त्याच्या पोत्यावर बसतात, आणि या किरणांनी कोणाला काही झालेलं नाही. काहींना पटलं. काही जण पोत्यापासून लांब उभे राहूनच मान हलवत होते.

सरपंच मात्र हटले नाहीत. “ताई, तुमचं खरं असन. पण लोक कागद मागतीन.”

मला राग आला, पण मुद्द्यात त्यांची चूक नव्हती. एक गोष्ट तेव्हा मीही कबूल केली: पॉकेट काउंटर गप्प राहिला म्हणजे मासा स्वच्छ ठरत नाही. खाण्यातला बारीक अंश त्याला दिसतच नाही, त्याला लॅबच लागते. राठोड सरांनी स्वतःच्या हाताने सॅम्पल भरलं, सील केलं, त्यावर सरपंचांची सही घेतली. काकू म्हणाल्या, “अजून न्या, पूर्ण टोपली न्या. पण नीट पाहा बाप्पा. खराब निघाली तर मीच पहिले फेकून देईन.” त्या बाजारात त्यांची सुकट कोणी घेतली नाही. मी सोडून.

सुट्टी संपवून मी लॅबला गेले. सुकट जाळली, राख मोजली. सीझियम ‘बिलो डिटेक्शन’. म्हणजे आमच्या यंत्राला दिसेल इतकंही नाही. आम्ही शून्य कधी लिहीत नाही, तो आमचा धर्म नाही. पोटॅशियम मात्र दिसलं, कुठल्याही माशात असतं तेवढंच. बॉसनी रिपोर्ट दोनदा वाचून सही केली. मी त्याची कॉपी सरपंचांना पाठवली आणि काम झालं असं समजले.

काम झालं नव्हतं. सरपंचांनी काकूंना बसायला हो म्हटलं, पण गिऱ्हाईक येईना. जुना व्हिडिओ अजून फिरत होता. आमचा रिपोर्ट कोण वाचणार? तो मलाच दोनदा वाचवत नाही.

पुढचं मला भावाने फोनवर सांगितलं. राठोड सरांनी जुना व्हिडिओ काढून टाकला. तेवढ्यावर थांबले असते तर कोणी त्यांना नावं ठेवली नसती. पण ते बाजाराच्या दिवशी ओट्यावर येऊन उभे राहिले. एका बाजूला पोटॅशचं पोतं, दुसऱ्या बाजूला लाकडी पाटावर सुकट. यंत्र दोन्हीवर धरत मोठ्याने सांगायला लागले, “मी मोजलं ते बरोबर होतं. सांगितलं ते चूक होतं. सुकटीत काही नाही. चूक माही आहे, काकूची नाही.” त्याचा व्हिडिओही टाकला. तो कमीच लोकांनी पाहिला. म्हणून ते पुढच्या बाजाराला परत आले. आणि त्याच्या पुढच्याही. येणाऱ्याच्या हातात यंत्र द्यायचं आणि म्हणायचं, तुम्हीच मोजा. कोणी टिंगल केली, कोणी विचारलं की मास्तर, सुकट विकायला लागले का. ते हसून घ्यायचे.

मी त्यांना फोन केला. “सर, एवढं कशाला? रिपोर्ट आहे ना.”

“मॅडम, काकूंना पाहिलं की मी रस्ता बदलत होतो,” ते म्हणाले. “गावात राहून असं किती दिवस चालेल? व्हिडिओ डिलीट होते. लोकांच्या मनातला डर थोडीच होते? तो एकेकाच्या मनातून काढावा लागते.”

मी कौतुकानेच फोन ठेवला. आमच्या लॅबमध्ये मोठमोठे लोक पाहिले आहेत, नावापुढे डिग्र्यांची रांग असलेले. चुकलेलं रीडिंग ते खोडतात, शेजारी छोटी सही करतात आणि चहाला जातात. भरबाजारात उभं राहून ‘मी चुकलो’ म्हणणारा मी अजून पाहिला नव्हता.

आता सुमनकाकूंची टोपली बाजार उठायच्या आत रिकामी होते. लॅबमध्ये नव्या माणसांना शिकवताना मी पहिला नियम पूर्वीसारखाच सांगते: सॅम्पलच्या आधी, त्याच जागेचं बॅकग्राउंड घ्या. दुसरा नियम आमच्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, तो मी राठोड सरांकडून घेतला आहे. चूक ज्या आवाजात सांगितली, दुरुस्ती त्याच आवाजात सांगायची. आणि ऐकू गेली नाही, तर पुढच्या बाजाराला परत जायचं.