देवीला गप्प बसायची मुभा नाही

बेळगावला जायचं ठरलं ते आक्काच्या फोनमुळे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा मुलगा सुनील काही वर्षांपासून बेपत्ता आहे. निपाणीजवळ नदीत एक बेवारस प्रेत सापडलं होतं आणि ओळख पटवायला पोलिसांना आईचं रक्त हवं होतं. आक्का म्हणाली, "देवीनं कौल दिला तरच देईन. तू ये गं, एकटीला भ्या वाटतंय."

सकाळी बेळगाव स्टँडवरून निपाणीची लाल बस पकडली. तुम्ही जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. कर्नाटकात तिथल्या बायकांना सरकारी बस फुकट; आक्काचं आधार कर्नाटकचं, म्हणून तिला तिकीट नाही. माझं पुण्याचं, म्हणून पूर्ण पैसे. एकाच आईच्या लेकी आम्ही! काकती मागे पडलं तसा आक्कानं पदर तोंडावर घेतला, धुळीसाठी की रडण्यासाठी, मी विचारलं नाही. निपाणीत स्टँडसमोर इडली-वडा झकास मिळतो. मी खाल्ला, आक्कानं नुसता चहा घेतला. पुढे देवळापर्यंत बोरगावच्या रस्त्याला वडापची जीप मिळते, दाटीवाटीनं बसायची तयारी हवी.

या देवीचा कौल आमच्या माहेरचा. मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकही पडली नाही तर देवीला बोलायचं नाही, पुन्हा या. आक्कासाठी आजवर एकही कळी पडली नव्हती.

आता मूर्तीशेजारी मोठा स्क्रीन आणि माईक. देवस्थान कमिटीचे सेक्रेटरी अभिमानानं सांगत होते, "जुने कौल घालून एआय शिकवलाय. पूर्वी कळी न्हाय पडली की माणसं रडत परत जायची. लई लांबनं येत्यात ओ. म्हणून गप्प बसायचं काढूनच टाकलं. ह्यो कुणाला रिकाम्या हातानं धाडत न्हाय."

"पण कळ्या लावता येतील ना?" मी विचारलं.

"ते बंद केलंय. एका प्रश्नाला दोन उत्तरं आली तर पंचाईत."

एरवी माझा यातल्या कशावरच विश्वास नाही. त्या दिवशी मात्र मी मनातून हात जोडले होते. काहीही सांग, पण आक्काला रक्त द्यायला लाव.

आक्का माईकपाशी वाकली. "आई, माझा सुनील हाय न्हवं?"

गोड आवाज आला, "तुझा मुलगा सुखरूप आहे. तो लवकरच घरी येईल."

आक्का मटकन खाली बसली आणि हसली. इतक्या वर्षांनी ते हसू पाहून माझ्या अंगावर काटा आला.

परतताना निपाणीत तिनं दोन प्लेट इडली खाल्ली. पोलीस स्टेशन तिथून चालत जाण्यासारखं आहे. म्हटलं, "आक्का, चल की, रक्त देऊन जाऊ."

"जित्या पोराचं मड्याशी रक्त जुळवू व्हय?" ती म्हणाली आणि बेळगावच्या बसमध्ये चढली. मी तिच्या मागून चढले, दुसरं काय करणार?

पुण्याला आल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. गप्प राहणारी देवी बरी होती. तिच्यामुळे आक्काला भीती वाटायला तरी जागा होती. त्या कमिटीचा मला संताप येतो, आणि त्यांनी हे दयेपोटी केलं म्हणून जास्तच येतो.

पोलिसांना फोन केला तर म्हणाले, मावशीचं रक्तही चालेल. रागारागानं देवस्थानच्या ॲपवरच्या त्याच एआयला विचारलं, "मी रक्त देऊ का?" उत्तर आलं, "दे, कल्याण होईल." मग विचारलं, "नको ना देऊ?" उत्तर आलं, "नको देऊस, कल्याण होईल." फोन बाजूला ठेवला आणि खूप रडले.

काल आक्काचा फोन आला, आवाज अगदी खुशीत. "रातचं दाराला कडी लावीत न्हाय गं मी आता. पोरगं आलं तर भाईर ताटकळायला नको."

मी बरं म्हटलं. शनिवारी मी निपाणीला जाणार आहे, हे तिला सांगितलं नाही.