वहीची सहा पानं

माझ्या वहीत प्रत्येक तक्रारीला वेगळं पान होतं. टाचा, कोरडी कातडी, गळणारे केस, पोट, वजन, थंडी वाजणं. टाचांसाठी हाडांचे डॉक्टर, कातडीसाठी बारामतीतले त्वचेचे, पोटासाठी इंदापूरचे वैद्य. कामं वाटून दिली की लवकर उरकतात, ही शाळेतली सवय.

सातवं पान मी मुद्दाम उघडलं नव्हतं. विसरणं. कळंबच्या शाळेचं वेळापत्रक पंधरा वर्षं मीच करते. यंदा मंगळवारच्या तिसऱ्या तासाला गणिताच्या सरांना एकदम दोन वर्गांवर पाठवलं. ते व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "बाई, अर्धा अर्धा होऊ का?" सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर मात्र एका जागी बसवेना. माझी आई आधी किल्ल्या विसरायला लागली होती, मग आम्हाला. तेव्हा ती साठीची होती. मी तर आत्ता एकावन्नचीच.

एप्रिलात अंथुर्ण्याला सासरी गेले, ती शाल पांघरून. सासूबाई म्हणाल्या, "उन्हानं जीव चाललाय आन् ही शाल घिऊन हिंडती. आन् आवाज कुणाचा काढलायस गं? काल फोनवर वाटलं, माझा थोरलाच बोलतोय."

"आई, जपून बोल," नवरा म्हणाला, "मॅडम वहीत लिहितील."

खरंच लिहिणार होते. आवाजाचं नवं पान, नवा डॉक्टर. बारामतीत घशाचे डॉक्टर गावाला गेलेले, म्हणून शेजारच्या फिजिशियन बाईंकडे शिरले. त्यांनी वही चाळली.

"हे सगळं वेगवेगळं का?"

"सोपं जातं."

"कुणाला? एका कागदावर लिहा. एकाखाली एक."

लिहिलं. शेवटी पेन अडलं, पण विसरणंही लिहिलं. त्यांनी गळा चाचपला, टाचेमागे हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्याने फार वेळ घेतला.

"थायरॉइड मंदावल्यासारखा वाटतोय. रक्त तपासू."

"आणि शेवटची ओळ?"

"तीही त्यातलीच असू शकते. आज सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. टीएसएच मर्यादेच्या खूप वर, म्हणजे थायरॉइड मंदच. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, चहा तासाभराने, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. शेवटच्या ओळीबद्दल तेव्हा बोलायचं.

पहिल्या सकाळी गोळी घेतली. चहाशिवाय तासभर काय करायचं? ओटा दोनदा पुसला, घड्याळ पाहिलं, शेवटी वेळापत्रक काढून बसले. शुक्रवारी पाचव्या तासाला आठवीवर कुणीच नव्हतं. हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं. तिथं मी माझंच नाव घातलं आणि नवऱ्याला हाक मारली, "आता ठेवा चहा."

"अजून वीस मिनिटं हायेत," तो आतून म्हणाला.